मास्तरांचं प्रस्थान

मद्रास मेल रोज सोलापूर स्टेशनात थांबायची, पाणी भरून घ्यायची आणि कमलाकरमास्तरांना न घेता पुढे जायची. या गोष्टीचा मास्तरांना मनापासून राग होता. कुणाला पोचवायला स्टेशनवर जायची वेळ आली, तर ते त्या गाडीकडे पाठ करून उभे राहत.

मास्तर सात रस्त्याजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत. हिंदुस्थानचा नकाशा खडू न उचलता एका दमात काढत, उजव्या बाजूला खाली एक ठिपका ठोकत आणि सांगत, "हे मद्रास. मुंबईला सूर्य समुद्रात बुडतो, इथं तो समुद्रातून वर येतो." हे वाक्य त्यांनी इतक्या वर्गांना ऐकवलं होतं की गावातल्या निम्म्या कारकुनांनी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. स्वतः मास्तरांनी मात्र समुद्र कधी पाहिला नव्हता. मद्रासचा नाही, मुंबईचा नाही, कुठलाच नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, आणि उन्हाळ्यात तेही निम्मं आटायचं.

चाळिशी उलटली तशी ही गोष्ट त्यांना टोचू लागली. एकतीस सालच्या दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मद्रास पाहून यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. समुद्रावरचा सूर्योदय पाहायचा, काचेच्या पेट्यांत जिवंत मासे ठेवलेत ते घर पाहायचं, हायकोर्टाच्या डोक्यावरचं दीपगृह पाहायचं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मागं कुणाची काळजी नव्हती. प्रभाबाई, म्हणजे त्यांची बायको, बरोबर येणार होती. येणारच, असं मास्तरांनी धरलं होतं. विचारलं नव्हतं.

पण आड आलं ते भलतंच. मास्तरांच्या ओळखीपाळखीत कुणी उगीच गावाला जात नसे. लग्न, बाळंतपण, मयत नाहीतर देव, यांपैकी काहीतरी निमित्त लागे.

"मद्रासला तुमचं कोण आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

त्या एका शब्दानं मास्तरांना भंडावून सोडलं. दूधवाल्यानं विचारलं, मग? प्रभाबाईंच्या भावानं विचारलं, मग? मास्तर म्हणत, "पाहायला जातोय," तर समोरचा पुढचं वाक्य ऐकायला थांबून राही. शहाणीसुरती माणसं सल्ला देत, की समुद्रच पाहायचा तर मुंबईला जा, तिथं साडू आहेत. साडू होते म्हणूनच मास्तरांना मुंबई नको होती. एक दिवस साडूकडे, एक दिवस मेहुण्याकडे, एक दिवस मावससासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात गेला असता, आणि समुद्र परतीच्या वाटेवर टांग्यातून ओझरता दिसला असता. मद्रासला आपलं कुणी नाही, हीच मद्रासची खुबी होती. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

ही बातमी मैंदर्गीला पोचली आणि अक्का आली. अक्का ही मास्तरांची थोरली बहीण. आईच्या मागं तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. नवरा गेल्यापासून मैंदर्गीला शेत बघून असायची, आणि तिकडच्या कानडीचे हेल तिच्या बोलण्यात कायमचे बसले होते. तिचा शब्द मोडणं मास्तरांच्या जिवावर यायचं.

"अय्यो, दक्षिणेला जायचं आणि असंच उठून?" अक्का म्हणाली. "दिवस बघितलास का? दिशा बघितलीस का?"

अक्कानं दिवस बघून घेतला. तो नेमका शाळेचा निघाला. सुट्टी त्यानंतर लागत होती.

"काही बिघडत नाही," अक्का म्हणाली. "प्रस्थान ठेव."

प्रस्थान ठेवायचं म्हणजे असं: मुहूर्ताला स्वतःला निघता येत नसलं, तर आपलं एक वस्त्र घ्यायचं, त्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधायचे आणि ते गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं मुहूर्त साधतो, माणूस निघालाच असं धरतात. मग चार-पाच दिवसांत ते गाठोडं उचलून शेजाऱ्याच्याच घरून खऱ्या प्रवासाला लागायचं. मास्तरांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण एका उपरण्यात अक्का गप्प बसत असेल तर स्वस्तात सुटलो, असं म्हणून त्यांनी आपलं जुनं उपरणं दिलं. शेजारच्या संगप्पाच्या घरी देवळीत ते गाठोडं जाऊन बसलं. संगप्पा सोलापुरी चादरींचा व्यापारी. वरचेवर फिरतीवर असायचा, त्यामुळे प्रस्थानाला त्याचं घर लाभतं असा गल्लीत समज होता.

शाळेला सुट्टी लागली. प्रभाबाईंनी वाटेसाठी दुधातल्या दशम्या केल्या, चिवडा केला, वळकटी बांधली. मास्तर तिकिटं काढायला म्हणून टोपी घालून बाहेर पडले, तर दारात अक्कलकोटहून आलेला गडी शिवशरण उभा. तो उंबऱ्याच्या आत येईना, तेव्हाच मास्तरांनी ओळखलं, की बातमी मयताची आहे.

"तुमचे भाऊबंद यज्ञेश्वरपंत काल गेले," शिवशरण म्हणाला. "सांगून ये म्हनले म्हनून आलो."

यज्ञेश्वरपंतांना मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. अक्कलकोटच्या एका बुजलेल्या विहिरीत दोन्ही घरांचा हिस्सा होता, तेवढाच काय तो संबंध. पण भाऊबंद ते भाऊबंद. त्यांचं सुतक आलं.

मास्तर टोपीसकट अक्कासमोर बसले. पिढ्या मोजायला लागले. सात पिढ्यांच्या आतला असेल तर दहा दिवस, त्यापुढचा असेल तर तीन. मास्तरांच्या हिशेबानं यज्ञेश्वरपंत आठव्या पिढीतले होते. तीन दिवस घरी बसून निघालं, तरी मद्रास होण्यासारखं होतं.

"दत्तक कुठं धरलास तू?" अक्कानं विचारलं. "मधे एक दत्तक आहे. तो काकाच्याच मांडीवर गेला. ती पिढी दोनदा मोजलीस की रे."

अक्काच्या मोजणीत सात पिढ्या भरल्या. मास्तरांनी तीनदा मोजून पाहिल्या आणि तिन्ही वेळा अक्का बरोबर निघाली.

मग मास्तरांना एकदम सुचलं. "अक्का, प्रस्थान ठेवलं म्हणजे माणूस निघाला, असं तूच म्हणालीस ना? मग आम्ही कधीचे निघालोत. आम्ही वाटेवर आहोत. घरी नाहीच."

अक्कानं क्षणभर विचार केला. मास्तरांना आशा वाटली.

"उपरणं कुणाचं?" ती म्हणाली. "तुझं. ज्याचं वस्त्र, तो निघाला. प्रभा कुठं निघालीय? ती घरात आहे, तिनं ऐकलं. घराला सुतक लागलं."

प्रभाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर करून अक्काकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मास्तरांनी टोपी खुंटीला अडकवली. त्यांना संताप आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. यज्ञेश्वरपंतांवर काढावा तर ते बिचारे गेलेले. सुट्टी एकेक दिवसानं सरू लागली. गल्लीत फटाके वाजत होते आणि या घरात आकाशकंदील नव्हता, पणती नव्हती. सुतकाच्या घरचं बाहेरचं कुणी खाईना, तेव्हा प्रवासाच्या दशम्या नवराबायकोनं भिंतीला टेकून घरातच खाल्ल्या. मास्तर वळकटीकडे पाठ करून बसत. "इतकी वर्षं मी पोरांना नुसती थाप मारतोय," ते एकदा म्हणाले.

त्यात गाठोड्याचा प्रश्न उभा राहिला. संगप्पाची बायको ईरम्मा विचारायला आली, की देवळीतलं परत नेणार का. अक्का दचकली.

"परत? नाही. वेस न ओलांडता प्रस्थान घरी आलं तर पुढचं जाणंच खुंटतं."

"मी जातो की परवा मद्रासला," मागून संगप्पा म्हणाला. "चादरीची गिऱ्हाईकं हायत तितं. गाठोडं नेतो की संगं. वेस काय, लई लांब जाऊन येईल."

अक्काला हे एकदम पसंत पडलं. मास्तरांना कुणी विचारलंच नाही.

संगप्पा निघाला त्या दिवशी मास्तर स्टेशनवर गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संगप्पा खिडकीशी बसला होता आणि त्याच्या मांडीवर ते गाठोडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर मेलकडे तोंड करून उभे राहिले. गाडी हलली, आणि आपलं उपरणं आपल्याशिवाय मद्रासला निघालेलं पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोळशाचा कण गेला, असं ते शेजारच्या हमालाला म्हणाले.

संगप्पा परतला तोवर सुतक फिटलं होतं आणि शाळाही उघडली होती. तो गाठोडं दोन्ही हातांत धरून आला आणि मास्तरांच्या ओट्यावर ऐसपैस बसला. गल्ली जमली.

"मास्तर, तुमी सांगितलेलं समदं दाखवलं ह्याला," तो म्हणाला. "माशाच्या घरी नेलं. दाराव मानूस हुता, म्हनला गाठोडं भाईर ठेवा. मी म्हनलं, गाठोडंच बगाय आलंय, मी न्हाय. कोर्टावरचा दिवा बगितला. पहाटं समुद्राव गेलो. सूर्य आला की पान्यातनं, तुमी म्हनता तसाच. मग लाट आली तवा बुडवून काढलं एकदा. पुण्य असतंय म्हनून."

संगप्पाचा हेतू चांगला होता, आणि त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. मास्तर गाठोड्याकडे बघत राहिले. उपरण्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरट वळ उमटले होते.

अक्कानं नारळ फोडला. "झालं," ती म्हणाली. "प्रस्थान जाऊन, समुद्रस्नान करून आलं. यात्रा पुरी झाली. आता मद्रासचं नाव काढायचं नाही. पुऱ्या झालेल्या यात्रेला कुणी पुन्हा निघत नाही."

गल्लीनं खोबऱ्याचे तुकडे खाल्ले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीही हसून विचारलं, "काय, झालं ना मद्रास?" मास्तरांनी त्या तासाला फळ्यावर नकाशा काढला, पण मद्रासपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. ठिपका न देताच ते पुढं गेले.

संध्याकाळी ते घरी येऊन नुसते बसून राहिले. समोर अक्का वाती वळत होती. "अक्का, मी गेलो नव्हतो," ते म्हणाले. "उपरणं गेलं होतं."

"तेच ते," अक्का वात वळता वळता म्हणाली.

तेव्हा प्रभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "वन्सं, यांचं झालं," त्या म्हणाल्या. "माझं कुठं झालं?"

"तुझं वेगळं कशाला? नवऱ्यातच आलं तुझं."

"त्यात कसं येईल? ज्याचं वस्त्र, तो निघाला, असं तुम्हीच म्हणालात. मी घरात होते म्हणून तर सुतक लागलं घराला. माझी यात्रा राहिलीय अजून."

अक्काच्या हातातली वात तशीच राहिली. मास्तरांनी आपल्या बहिणीला असं कधी पाहिलं नव्हतं.

प्रभाबाईंनी ट्रंक उघडली. त्यांच्या माहेरचा एक जांभळा इरकली खण होता, तो काढला. त्यात सुपारी, हळकुंड ठेवलं, मूठभर तांदूळ घातले, गाठ मारली आणि चपला न घालताच त्या ईरम्माच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा हात मोकळे होते.

"ठेवलं," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांत निघायला हवं. आणि मी बाईमाणूस, सोबत लागेल."

"अगं, शाळा सुरू झालीय," मास्तर म्हणाले. "हेडमास्तर विचारतील, मद्रासला कोण आहे, मग काय सांगू?"

"सांगा, बायकोचं प्रस्थान बाहेर पडलंय. याच्यावर ते 'मग?' म्हणणार नाहीत."

मास्तरांनी अक्काकडे पाहिलं. अक्का पुन्हा वाती वळायला लागली होती. वर न बघताच ती म्हणाली, "प्रभा, दशम्या मागच्यापेक्षा जास्त कर. दोघांना पुरत नाहीत तेवढ्या."

मास्तर उठून प्रभाबाईंच्या मागं स्वयंपाकघरात गेले. इतके महिने मद्रासची आखणी केली, गाड्या पाहिल्या, उतरायची जागा हेरली, पण एक गोष्ट त्यांनी कधी विचारलीच नव्हती, आणि तिची त्यांना आता लाज वाटली.

"तुला तिथं काय पाहायचंय?" त्यांनी विचारलं.

प्रभाबाई पिठात दूध घालत होत्या. "सूर्य पाण्यातून वर येतो म्हणता ना, ते," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुम्ही रात्री धडा मोठ्यानं वाचता, तेव्हा मी इथंच असते."