मुख्याध्यापक बाकावर बसतात तेव्हा

प्रशिक्षण संपलं की अहवाल वरच्या ऑफिसला जातो आणि किस्से माझ्याकडे राहतात. अहवालात 'प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले' एवढं एकच वाक्य लागतं. त्यात न बसलेलं बरंच काही माझ्याकडे साठलंय.

मी दिव्यांग मुलांची विशेष शिक्षिका. अक्कलकुव्यात मुख्याध्यापकांना दोन गोष्टी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. घरी भिली किंवा पावरी बोलणारं मूल शाळेच्या मराठीत कसं रुळवायचं, आणि दिव्यांग मूल वर्गात कसं सामावून घ्यायचं. समोर हॉलभर मुख्याध्यापक. बहुतेकांची नोकरी जवळपास माझ्या वयाएवढी.

*

पहिला दिवस. मी प्रोजेक्टरवरची स्लाइड वाचत होते, "अध्ययनार्थीच्या भाषिक पार्श्वभूमीचे अध्यापन प्रक्रियेतील उपयोजन."

पाटील सरांनी हात वर केला. सपाटीवरच्या एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, घरची शेती, बोलणं सगळं अहिराणीत.

"मॅडम, हाई मराठी आमलेच समजत नई. त्या पोरेस्ले काय समजी?"

हॉल हसला. मीही हसले आणि प्रोजेक्टर बंद केला. त्यानंतर तो मी फारसा लावलेलाच नाही.

*

दुसऱ्या दिवशी रुमताबाईंना बोलावलं. डोंगरातल्या एका शाळेत त्या पोषण आहार शिजवतात. घरची भाषा पावरी. त्यांना म्हटलं, "पंधरा मिनिटं या सरांना शिकवा. पण फक्त पावरीत."

आधी लाजल्या, मग रानभाज्यांविषयी सांगायला लागल्या. चांगलं शिकवत असाव्यात, हातवारे तरी छान होते. शेवटी त्यांनी एकेकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिल्या सरांनी शेजारच्याच्या वहीत बघितलं. दुसरे नुसते हसले. तिसरे उठून म्हणाले, "मी जरा पाणी पिऊन येतो."

रुमताबाई थांबल्या. मोडक्या मराठीत मला म्हणाल्या, "माझी पोरगी पण शाळेत असंच पाणी प्यायला जाते."

उठलेले सर परत खाली बसले.

*

रॅम्पचा विषय निघाला तेव्हा पाटील सरांनी मोबाइलवर त्यांच्या शाळेतल्या रॅम्पचा फोटो दाखवला. नवंकोरं सिमेंट, पिवळा कठडा. उतार मात्र भलताच उभा. आमच्या हॉलचाही रॅम्प तसाच होता आणि हॉलमध्ये एक व्हीलचेअर होती. मी म्हटलं, "सर, बसून बघता का? कुणी ढकलायचं नाही."

सर बसले. अर्ध्यापर्यंत गेले, हात भरून आले आणि खुर्ची मागे यायला लागली. दोघा सरांनी धरली म्हणून बरं. पाटील सर उतरले, घाम पुसला.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या शाळेत सातवीतली एक मुलगी व्हीलचेअरवर येते आणि तिच्या मैत्रिणी तिला रोज खुर्चीसकट उचलून वर नेतात, हे मला तेव्हा कळलं.

"तो उतार मी फोडी टाका, मॅडम. आते लांब करी ऱ्हायनू."

"कुणी तक्रार केली का?"

"नई. मी खुर्चीवर बसनू, तव्हय समजनं."

*

खापर गावाकडच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी फॉर्मवर लिहिलं होतं, 'शाळेत दृष्टिदोष असलेली मुले : नाहीत.' प्रशिक्षणानंतर त्यांनी चौथीतल्या सुनीताला मागच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणून बसवलं. फळ्यावरचं चुकीचं उतरवते म्हणून ती रोज बोलणी खायची.

सुनीता बराच वेळ फळा बघत राहिली. मग तिनं विचारलं, "बाई, तुम्ही रोज वर तारीख लिहिता?"

हे बाईंनीच मला सांगितलं. सुनीताला आता चष्मा आहे.

*

वसावे सर तीन दिवस एक शब्द बोलले नव्हते. डोंगरातली छोटी शाळा, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी माझ्याजवळ आले.

"मॅडम, मी घरी भिलीच बोलतो. पहिलीत असताना भिली बोललो म्हणून गुरुजींनी मारलं होतं. तेव्हापासून शाळेत कधी बोललो नाही. पोरांना माहीतच नाही मला येते ते."

मी म्हटलं, "सर, एकदा बोलून बघा."

पंधरा दिवसांनी ते ऑफिसात आले. हातात दिव्यांग मुलांची यादी होती. पहिलीतल्या एका मुलीच्या नावापुढे त्यांनीच 'वाचादोष' लिहिलं होतं. पाच महिन्यांत तिनं शाळेत तोंड उघडलं नव्हतं.

"हे नाव खोडायचंय."

"काय झालं, सर?"

"सोमवारी परिपाठाला मी भिलीत बोललो. पोरं एकदम गप्प झाली. मग ही रांगेतून निघाली, आली आणि माझा हात धरला. शेळीला दोन पिल्लं झाली, भाऊ झाडावरून पडला, आई सुरतेला कामाला गेली, सगळं सांगितलं. परिपाठ राहिला तसाच."

त्यांनी पेन काढलं. नाव खोडलं.

"आणि शेवटी मला विचारलं, तू इतके दिवस कुठं गेला होतास?"