मायनं पाहिलेली घरं

आयतं स्थळ दारात चालून आलेलं असताना कुणी गावोगाव घरं बगत फिरतं का, तुमीच सांगा. माझी माय फिरली. अन तिला स्कूटीवर मागं बसवून कोण फिरलं? मी.

धाकट्या बहिणीचं, सोनूचं, लगीन करायचं होतं. मी सेलूला दिलेली. माझ्या सासूनं, कस्तुराबाईनं, दिवाळीतच विषय काढला की आमच्या धाकट्याला, बालाजीला, तुमची सोनू द्या. दोघी बहिणी एका घरात नांदतील. आमचे आप्पा तिथंच मान हलवून बसले. भावकी म्हणली, बिरूआप्पाचं नशीब उघडलं. सोनू म्हणली, अक्का हाय तिथं, मला कशाचं भ्याव? सगळे तयार, एकटी माय गप. काही विचारलं की म्हणायची, बगू. इकडं सासू रोज सकाळी चहासंगं मला एकच ऐकवायची, तुझ्या मायला आमचं घर कमी पडायलंय का? मायनं नकार दिला असता तर त्या घरात तोंड मला दाखवायचं होतं, तिला न्हाई. जीव नुसता टांगणीला लागलेला.

पौष सरला तशी ती एक दिवस सोनूची स्कूटी गल्लीतल्या पोराला चालवायला लावून सेलूला माझ्या दारात हजर. म्हणली, अजून दोन घरं कानावर आलीत, एक चारठाण्याला अन एक राणीसावरगावाकडं, चल. मी म्हणलं, आप्पाला धाड की. तर म्हणती, "गडीमाणूस ओसरीत बसतंय, चहा पितंय अन घर चांगलं हाय म्हणून उठतंय. ओसरी सगळ्यांचीच चांगली असती."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वेळेला आप्पा अन दोन चुलते ओसरीतच तर बसून आले होते! माय तवा मेंढरामागं गोदावरीच्या पल्याड. तिला लगीन जमल्यावर कळलं. थोरलीचं घर कुणी बगितलं न्हाई अन धाकटीसाठी हा थाट! पण बोलून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

सासूला काय सांगावं ह्याची जुळवाजुळव मी करायलते, तवर मायनं चहाची बशी खाली ठेवून सरळ सांगून टाकलं की सोनूसाठी घरं बगायला जायलोत. कस्तुराबाई हसली. म्हणली, जाऊन या, फिरून फिरून भोपळे चौकात. मंग मला आत बोलावून हळूच म्हणली, येताना होकार घेऊन ये.

आता माझ्या मायविषयी सांगते. म्हाळसाबाई म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या रानात झोपलेली बाई. मेंढरं कुणाच्या शेतात बसवायची, खतापायी तो शेतकरी ज्वारी द्यायचा, अन सांजच्याला कुणाच्या बी दारात जाऊन पाणी, मीठ, विस्तव मागायचा. मी सुद्धा अशीच कुणाच्या तरी गोठ्यात जन्मले. ज्या बाईनं तिचं बाळंतपण केलं तिचं नाव मायला माहीत न्हाई. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली, पण खोड काही गेली न्हाई. लॉजचं नाव काढलं की तिला हसू येतं. माणसं असताना पैसे देऊन कुलपात कशाला झोपायचं, म्हणती. कुठं बी निघालो अन दिवस कलला की ती मला गल्लीत गाडी हळू घ्यायला लावायची अन घरं निरखायची. एखाद्या दारात उतरून म्हणायची, रातच्याला अंग टाकायला जागा हाय का, माय? अन लोक बी असले, की या म्हणायचे! पाय धुवायला ऊन पाणी काय, वाकळा काय. मी लाजेनं अर्धी व्हायचे. अनोळखी घरात मला झोप येत न्हाई, सकाळी पोट साफ होत न्हाई, अन ही घोरत पडायची.

तिची दुसरी खोड त्याहून वाईट. ज्या घरचं खाल्लं तिथं खोटं बोलायचं न्हाई. मी गाडी चालवता चालवता कितींदा बजावलं की माय, आपण कशापायी आलोय हे कुणाला सांगू नको, न्हाईतर सगळं मुसळ केरात. बिनसांगता गेलं तरच घर खरं दिसतं, हे तीच मला शिकवायलती. तर म्हणली, मी आपणहून सांगायची न्हाई. पण जेवल्यावर कुणी विचारलं तर सांगणार.

चारठाण्याच्या घरी नशिबानं कुणी विचारलंच न्हाई. दिवेलागणीला गेलो, वाटसरू म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. पोरगा देखणा, दारात ट्रॅक्टर, दुधाचा चहा, पोह्यावर शेंगदाणे. मी मनात म्हणलं, झालं, सोनू इथं सुखात ऱ्हाईल अन मी सासूच्या तावडीत सापडते. माय सरळ आत गेली, चुलीपाशी बसली अन त्या घरच्या थोरल्या सुनंला भाकरी थापू लागली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं त्या पोरीला विचारलं, तुझ्या पाठच्या बहिणीला ह्या घरात दिशील का? पोरगी तवर चांगली हसत बोलायलती. तिनं दाराकडं बगितलं अन म्हणली, मावशी, पिठाची परात इकडं सरकवा.

बस. सकाळी गावाबाहेर आलो तसं मायनं सांगितलं, हे घर न्हाई. मी म्हणलं, काहून? त्या पोरीनं वाईट एक शब्द काढला न्हाई. माय म्हणली, चांगला बी काढला न्हाई. आता ह्याला काय म्हणावं? मी परभणीपर्यंत तिच्याशी बोलले न्हाई. बोलले असते तरी हेल्मेटातून तिला ऐकू गेलं नसतं.

परभणीत पेट्रोल टाकून आमी गंगाखेडची वाट धरली. त्या वाटेची काय अवस्था हाय ते तिथून जाणाऱ्यालाच माहीत. धुरळ्यानं डोळे चुरचुरायलेले, मागं मायचे गुडघे दुखायलेले, अन मधीमधी सासूचा फोन. कुठं हायेस, कधी येणार, हितं भाकरी कोण टाकणार, कस्तुराबाईनं म्हातारपणी चुलीपुढं बसायचं का. मी दर वेळेला हो आत्याबाई, हो आत्याबाई म्हणायची अन गाडी पुन्हा सुरू करायची. एकदा मायनं विचारलं, काय म्हणती गं? मी म्हणलं, काळजी करायली.

गंगाखेड मागं टाकल्यावर एका शेतात हुरडा भाजायचा वास आला अन मायनं माझ्या खांद्यावर थाप मारली. थांब. आखाड्यावर, शेतातल्या खोपीपाशी, मालनबाई नावाची एक बाई अन तिच्या घरची माणसं. ओळख ना पाळख, पण आमाला बघताच तिनं घोंगडं हातरलं. गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, वर ताक. खोटं कशाला बोलू, मी बी पोटभर खाल्लं. अन खाऊन झाल्यावर मालनबाईनं सहज विचारलं, कुणीकडं निघालात बायांनो?

मी मायच्या मांडीला चिमटा काढला. तिनं माझा हात बाजूला केला अन सगळं सांगितलं. लेक कोणती, पोरगा कोणता, नाव योगीराज, घर कसं गुपचूप बगायचं, सगळं. मालनबाईचं तोंड फुललं. आगं बाई, म्हणली, योगीराज तर माझ्या सख्ख्या बहिणीचा! अन आमच्यासमोरच तिनं फोन लावला, सोयरे यायलेत म्हणून.

मी उठून स्कूटीपाशी गेले अन रडले. राग आला की मला रडू येतं. एवढ्या लांब हाडं खिळखिळी करून आले ती कशासाठी? आता तिथं काय, सारवलेलं अंगण अन शिऱ्याची ताटं. माय मागून आली. मी म्हणलं, तुझ्या खरेपणाला जाळायचंय का? ती म्हणली, हुरडा खाल्ला ना तिचा?

अन झालं तसंच. योगीराजच्या घरी आमी पोचलो तवा अंगणात सडा, ओसरीत सतरंजी, पुरुष टोप्या घालून बसलेले. थोरली सून प्रियांका नव्या लुगड्यात अवघडलेली, घडी मोडलेली सुद्धा न्हाई. शिरा तर होताच. योगीराज शेळ्या-मेंढ्या अन थोडी शेती बगणारा, खाली मान घालून बसलेला. माय आत जायला लागली तर सासूबाई म्हणल्या, पावण्यांनी चुलीपाशी कशाला, बाहेर बसा. मी मायकडं बगितलं. घे, बग आता ओसरी.

तर ह्या बाईनं काय करावं? दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळेला गुडघे धरून बसली अन म्हणली, आजच्या दिवस ऱ्हातो. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. सोयरीक जमायच्या आधी कुणी असं मुक्काम ठोकून बसतं का? मी तिला कोपऱ्यात घेऊन चांगली झापली. ती म्हणली, "मांडलेलं घर एकच दिवस टिकतंय, राजी. दुसऱ्या दिवशी त्यास्नी कामं असत्यात."

ते मात्र खरं निघालं. त्याच दिवशी टोप्या खुंटीला गेल्या. मेंढरं सोडायची, कापूस येचायचा, कुणाला आमच्यापाशी बसायला सवड न्हवती. सासू अन प्रियांका पाण्यावरून चांगल्या कडाकडा भांडल्या. मला वाटलं, गेलं हे बी घर! पण दुपारी दोघी एकाच ताटात जेवायला बसल्या, अन प्रियांकाचं तोंड अजून फुगलेलंच. तिनं पहिलं कालवण आपल्या बाजूला ओतून घेतलं तरी सासू काही बोलली न्हाई. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता मायनं तिला तेच विचारलं. पाठच्या बहिणीला दिशील का? प्रियांका फणकाऱ्यानं म्हणली, "मी तर देणारच होते. माझ्या बापानं घाई केली अन तिला दुसरीकडं दिली. आता बसली रडत."

मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या सकाळी निघालो. वाटभर मी वाट बगायले की माय आता बोलंल, मग बोलंल. गंगाखेडजवळ आलो तरी ही गप. शेवटी न राहवून मीच विचारलं, काय ठरवलंस? अन मागून आवाज आला, बगू.

मी कचकन ब्रेक दाबला. एका लिंबाखाली गाडी लावली अन मनात साठलेलं सगळं तिच्या अंगावर ओतलं. अजून काय बगायचं राहिलंय, म्हणलं. प्रियांकानं होकार दिला, पोरगा निर्व्यसनी, घर खातंपितं. ते बी पटत नसंल तर तिला माझ्या घरी दे एकदाची अन मला मोकळं कर. रोज उठून बोलणी मी खायची अन तू नुसतं बगत फिरायचं!

माय दगडावर बसली. गुडघ्यावरनं हात फिरवत म्हणली, "चारठाण्याच्या पोरीला इचारलं. प्रियांकाला इचारलं. तुला इचारायचं राहिलंय. तू बी त्या घरची थोरली सूनच हायेस."

मी गाडीची चावी काढून हातात धरली.

"सोनूला तुझ्या घरात आणशील का?"

व्हय म्हणायचं होतं मला. दिवाळीपासून सगळ्यांना तेच सांगत आले होते, पक्कं घर हाय, फ्रीज हाय, दोघी मिळून राहू. पण डोळ्यापुढं सोनू आली. सोनू जेवायला बसली की तिचं तोंड बंद नसतं, बोलती, हसती, दुसरी भाकर स्वतः उचलून घेती. आमच्यात दुसरी भाकर सासू देईल तवा घ्यायची. तिनं न्हाई दिली तर पाणी पिऊन उठायचं. मागं मला ताप भरला तवा तिनं माझं हातरूण गोठ्यात टाकलं, अन माझा नवरा रामकिशन खाली मान घालून जेवत राहिला. त्याच गोठ्यात सोनूचं हातरूण मला दिसायला लागलं.

"न्हाई," मी म्हणलं. "तिला नको आणू तिथं, माय."

मायनं वर बगितलं न्हाई. पदर तोंडात धरून बसून राहिली. मी हे तिला कधी सांगितलं न्हवतं. काय सांगणार? तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, अन मी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, अशीच वर्षं गेली. मला तिचा लय राग आला, अन माझा त्याहून जास्त.

तेवढ्यात फोन वाजला. कस्तुराबाई. मायनं माझ्या हातातून फोन घेतला अन उभी राहिली.

"विहीणबाई, सोनूचं राणीसावरगावाकडं जमवायलोत. राजीला बोलू नका, ती वाटभर तुमच्याच घरासाठी भांडायलीय माझ्यासंगं. मीच न्हाई म्हणले."

तिकडून काय ते बराच वेळ चाललं. मायनं ऐकून घेतलं अन फोन माझ्याकडं दिला. कस्तुराबाईचा आवाज एकदम शांत होता. म्हणली, "तू ये आधी घरी."

मी म्हणलं, येते.

मी किक मारायला गेले तसं माय मागं बसली अन म्हणली, मला गावाकडं सोडू नको, सेलूलाच चल. मी चार दिवस ऱ्हाते तुझ्याकडं. तुझं घर बगायचंय.

"आता बगून काय करणार हायेस?" मी विचारलं.

तिनं पदर कमरेला खोचला अन माझा खांदा धरला. मी गाडी सुरू केली.