रिकाम्या सीटांची हजेरी

रिकाम्या सीटला अदबीनं "सरका जरा" म्हणणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. मामांची सतरा सीटची गाडी दर शनिवारी सकाळी सहाला निघते ती गोव्याच्या कॅसिनोवर. वीस वर्षांत त्यांनी स्वतः एक डाव खेळलेला नाही. दिवाळीत घरी पत्ते निघाले की ते गच्चीत पाण्याची टाकी बघायला जातात. पण दुसऱ्याच्या नशिबाची काळजी इतकी कुणी वाहिली नसेल. ज्या सीटवरून गेलेला माणूस एकदा जिंकला, ती सीट कायमची त्याची, हा त्यांचा कायदा. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांची दाराजवळची, कागलच्या डॉक्टरांची मधली, हुपरीच्या पैंजणवाल्यांची तिसरी, खिडकीची. घाटात मोसंबी सोलायची नाही. परतताना कुणाला "किती?" विचारायचं नाही. एका नवख्यानं विचारलं, तर मामांनी त्याला आजऱ्यात उतरवला, वडापाव खायला घातला, समजूत काढली आणि मगच पुन्हा गाडीत घेतला.

मग मंदी आली. शिरोलीत फाउंड्र्यांची एक पाळी बंद झाली, हुपरीत पैंजणांची मागणी आटली. गोव्यात हॉटेलं निम्म्या भाड्यात खोल्या देऊ लागली, लक्झरीवाले हाका मारमारून तिकिटं विकू लागले, कॅसिनोनं बायकांना प्रवेशच फुकट केला. सगळं स्वस्त झालं आणि जायला माणूस उरलं नाही. डिझेल तेवढं होतं तिथंच राहिलं. मामांची गाडी मात्र दर शनिवारी जातच राहिली, रिकामी. पणजीला लग्नाला निघालेलं एक कुटुंब भाडं द्यायला तयार होतं, तर मामा म्हणाले, "पावणं, समद्या शिटा भरल्यात." त्यातल्या बाईनं काचेतून आत पाहिलं आणि पोराचा हात धरून दोन पावलं मागं सरकली.

मामीचा मला फोन आला. "आक्का, तू एकदा संगं जाऊन ये. गाडीत ते कुणाशी तरी बोलत्यात." शिवाय कागलच्या एका शिलाई कारखान्याला बायकांच्या ने-आणीसाठी गाडी हवी होती, सोमवार ते शनिवार. मालक शनिवारी संध्याकाळी शेवटचं विचारणार होता आणि मामा हो म्हणत नव्हते. "हे काम गेलं तर दिवाळीपर्यंत गाडी ऱ्हात न्हाई बघ," मामी म्हणाली. असल्या गोष्टी मी एका दिवसात निकालात काढते. डबा भरला आणि गेले.

सहाला मामांनी आरशात बघत हजेरी घेतली. "फाउंड्रीवाले?" उत्तर येईल एवढा वेळ थांबले. "डॉक्टर?" थांबले. "पैंजणवाले?" असे सगळे. गाडीत मी एकटी, आणि माझं नाव काही आलं नाही. मी तिसऱ्या सीटवर बसले होते.

"आक्का, तिथनं ऊठ."

"कोण बसलंय इथं?"

"कोन न्हाई. म्हनून तर ऊठ म्हनतोय की."

उठले. सीट उबदार लागली होती. खाली इंजिन असेल, असं मी ठरवून टाकलं. आंबोलीत टपरीवाल्यानं गाडी बघून न विचारता कपांची रांग मांडली, मग आत नजर टाकली आणि दोन ठेवून बाकीचे गुपचूप उचलले.

दुपारी पणजीला नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोचलो. आत ना खिडकी, ना घड्याळ. तीसेक टेबलं, प्रत्येकामागं काळं जाकीट घातलेली मुलं-मुली उभी, आणि समोर कुणी नाही. आम्ही शिरलो तशी सगळी डोकी एकदम आमच्याकडं वळली. रुलेटचं एक चक्र आपलं फिरत होतं. गोळी थांबली, तेव्हा तिथल्या मुलीनं रिकाम्या खुर्च्यांना आकडा मोठ्यानं सांगितला. पाळी संपलेल्या एका मुलानं दोन्ही तळहात उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवले, काही नेत नाही म्हणून, आणि निघून गेला. माझ्या अंगावर काटा आला. एसी फार होता.

मामा खांबांमागं, जिन्याखाली वाकून बघत होते.

"मामा, काय हरवलंय?"

"आपल्या गाडीतली मानसं." मग चालता चालता म्हणाले, "मौजेला येनारं मंदीत घरी बसतंय, आक्का. गरजंला येनारं तेवढं येतंय, आनि एकटं येतंय. तिकीट स्वस्त हाय की आता. घरच्यांस्नी वाटतंय, मामाची गाडी बंद पडली, म्हंजे ह्यो सुटला."

शेवटच्या टेबलाशी पैंजणवाले होते. दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवसांचा, बोटांच्या पेरांत चांदीचा काळेपणा. आमच्याकडं त्यांनी ओळख नसल्यासारखं पाहिलं.

"पावणं, गाडी लागलीय," मामा म्हणाले.

"मी बसनं आलोय."

"आसंल. तुमची शीट मोकळीच हाय."

"मामा, येवढं गेलेलं फिरवून येतो. घरात तोंड दाखवायला नगं व्हय?"

"खेळा की. मी हाय हितंच."

आणि मामा त्यांच्या खुर्चीमागं उभे राहिले. रागावले नाहीत, हात धरला नाही. पैंजणवाल्यांनी एक डाव खेळला, मागं पाहिलं. दुसरा खेळला, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यासाठी हात उचलला, तसाच धरला आणि खाली घेतला. समोर उरलेलं गोळा करून ते उठले. बाहेर येऊन मामांनी हुपरीला फोन लावला. "वैनी, सापडलं. जेवायला करून ठेवा." फोन खिशात टाकत मला म्हणाले, "हे चौथं."

पैंजणवाले आपल्या सीटवर बसल्या बसल्या झोपले. मी पुढं मामांच्या शेजारी जाऊन बसले. आंबोलीच्या वर धुकं इतकं दाट होतं की रस्ता असल्याचा नुसता भरवसा ठेवायचा. त्या धुक्यातच कारखान्याच्या मालकाचा फोन आला, माझ्या फोनवर; मामीनं त्याला माझा नंबर दिला होता. पुढच्या शनिवारी बोटीवर आणखी कुणी सापडेल का, हे मला त्या घडीला माहीत नव्हतं. मामीचं म्हणणं मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

"शनिवारी गाडी मिळणार नाही," मी म्हणाले. "बाकीचे पाच दिवस बघा."

"मग ऱ्हाऊ द्या, बाई. गाड्या लई रिकाम्या हायत आता."

"कोन गं?" मामांनी विचारलं.

"राँग नंबर."

त्यांनी मान हलवली आणि मागचा माणूस जागा होऊ नये म्हणून वळण अगदी सावकाश घेतलं.