मामाचा डीएनए

माझं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास पुण्यातल्या भावाच्या डोक्यात वंशावळीचं खूळ शिरलं. बाबांकडच्या पिढ्या त्याने नातेवाइकांना फोन करकरून जमवल्या. आईची बाजू मात्र आजीपाशीच अडली. आई आता नाही आणि तिचे आईवडील आमच्या जन्माआधीच गेलेले. तिच्या माहेरचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, गोंदियाजवळच्या मुर्री गावचे मामा. म्हणून भावाने डीएनए तपासणीचे तीन किट मागवले, एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी, एक मामांसाठी.

नळीत थुंकायच्या आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. मामांनी पहाटेपासूनच सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला. आमच्या गोंदियात याहून मोठं प्रेम दाखवायची सोय नाही. मामी म्हणाल्या, माझ्या सांगण्यावरून तर कधी सोडला नाही. मामा हसले आणि नळी भरून तिचं झाकण दोनदा घट्ट केलं.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. लग्नाची खरेदी, हॉल, जेवण, सगळं विचारून झालं की शेवटी हळूच, रिपोर्ट आला का? मी थट्टेने म्हणायची, मामा, परीक्षेचा निकाल आहे का हा?

निकाल आला. भावाचं आणि माझं जुळलं. मामांचं आमच्याशी काहीच जुळलं नाही. सख्ख्या मामाचा पाव हिस्सा तरी आपल्यात निघतो, इथे शून्य, असं भाऊ फोनवर सांगत होता. मग तो चाचरत म्हणाला, आईला दत्तक घेतलं असेल, नाहीतर आजीचं काही... मी पुढचं ऐकलंच नाही. जिला आपण पाहिलं नाही तिच्याबद्दल असं बोलायला जीभ कशी रेटते, असं सुनावून मी फोन ठेवला.

बाबा अंगणात शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ते तं तुझ्या मायच्या भुजलीचे भाऊ," ते म्हणाले. "सख्खे कायले जुळतीन?"

राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब तळ्यावर नेतात, ती भुजली. दोन मुलींनी ते कोंब एकमेकींच्या कानामागे खोवले की त्या जन्माच्या मैत्रिणी होतात. मग एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, भुजलीच म्हणायचं, आणि एकीचं घर ते दुसरीचंही घर. आईने अशी भुजली मामांच्या बहिणीशी बदलली होती. पुढच्याच वर्षी ती पोर तापाने गेली. राखीला मामांचा हात मोकळा राहील म्हणून आई स्वतःच राखी घेऊन त्यांच्या दारात गेली, आणि शेवटपर्यंत जात राहिली. आडनाव दोन्ही घरांचं एकच, पण ते तर अर्ध्या मुर्रीचं आहे. आमच्या दोघांच्या वेळची आईची बाळंतपणंही त्याच घरात झाली. आम्हाला शंका यावी असं काही नव्हतंच. तुम्ही सांगितलं का नाही, असं मी चिडून विचारलं. बाबा म्हणाले, तुम्ही विचारलं कधी?

मी गाडी काढली ती थेट मुर्रीला. मामा ओसरीवर होते. माझा चेहरा पाहूनच ते समजले.

"नाही जुळलं ना?"

मी मान हलवली.

"मले मालूम होतं. पण इतकी वर्षं राखी बांधली तिनं. म्हटलं, थोडंसं तरी जुळलं असन."

मामा आत गेले आणि कागदात गुंडाळलेली पिवळी साडी घेऊन आले. नवरी मांडवात येते ती मामाने दिलेली साडी नेसून, मामाचाच हात धरून. साडी कधीची आणून ठेवली होती, दाखवली मात्र नव्हती. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही. छातीशी धरून उभे राहिले.

"घेऊन तं ठेवली," ते म्हणाले. "आता देऊ का नको, तूच सांग. तुमच्याकडचं कोणी रक्ताचं लागत असन तं त्यायले मान द्या. मी मागं बसतो."

मला रडू आलं आणि रागही आला. त्यांच्या हातातून साडी ओढून घेतली, कागद फाडला आणि तिथंच ड्रेसवरून गुंडाळायला लागले. लग्नाआधी घडी मोडू नये म्हणून मामी आतून ओरडत आल्या. मी पदर खांद्यावर टाकला.

"घडी मोडली, मामा," मी म्हटलं. "आता दुकानवाला वापस नाही घेत."