मागं कोन बसतं?

श्रीरामपुरात गाडी घेऊन त्याच्या दुकानासमोर उभं राहिलात, की हा गडी पुढं बघायचाच नाही. सरळ मागचं दार उघडायचा, चपला बाहेर काढून सीटला पाठ टेकायचा आणि विचारायचा, “मागं कोन बसतं?”

गाड्यांना स्पीकर बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच येईल त्याला ऐकवायचा. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणायचो. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

माझ्या गाडीच्या चारी दारांत त्याने नवे स्पीकर घातले होते. आवाज कसा लख्ख! पण मागं बसणाऱ्या माझ्या आईला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आमच्या चर्चच्या भजनी मंडळात उभी हयात ढोलकी वाजवलेली बाई. कान गेले तशी तिने ढोलकी कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि हळूहळू बोलणंही टाकलं. मला ते बघवत नव्हतं हो.

“वूफर टाकू, घुमणाऱ्या आवाजाचा डबा,” मिस्त्री म्हणाला. “बेस कानानं न्हाई भाऊ, बरगड्यांनी ऐकायचा असतो.”

त्याने भलामोठा डबा डिकीत बसवला. आवाज सोडला तशी नंबरप्लेट तडतडली, समोरचा रसवंतीवाला शिव्या देत बाहेर आला. आई मात्र खिडकीबाहेर बघत ढिम्म. मिस्त्रीचं तोंड उतरलं. मग स्वतःवरच उखडला.

“डिकीला ऐकवतोय व्हय मी? मागं बसलंय कोन, मावशी का स्टेपनी?”

डबा उपटून काढला. दुसऱ्या दिवशी कुठून तरी चपटा वूफर पैदा केला आणि आईच्या सीटखाली बसवला. एक तळवा सीटवर ठेवून दुसऱ्या हाताने बटण बारीक बारीक पिळत राहिला. मग आईला तिथं बसवून म्हणाला, “मंडळाचं भजन लावा.” मी गेल्या नाताळचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं.

आई दचकली. सीट चाचपली. मग तिचा हात मांडीवर पडायला लागला, बोटं मोकळी झाली, आणि मधेच कपाळाला आठी.

“कोन वाजवतंय रं?” ती खेकसली. “लई घाई करतंय. पळत सुटलंय नुसतं!”

खरंच घाई होत होती! कान शाबूत असलेल्या आम्ही सगळ्यांनी ते भजन किती वेळा ऐकलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मिस्त्री गाडीच्या दारात गुडघे टेकून तिच्या बोटांकडे बघत बसला.

शेवटी हात जोडून म्हणाला, “मावशी, एकदा माझ्यासमोर वाजवा की.” तिला ऐकू गेलं नाही. त्याने हवेत ढोलकी वाजवून दाखवली, तशी ती लाजली.

“बघू,” म्हणाली.

तेव्हापासून गाडी काढली की आई आधी तयार. पुन्हा बोलू लागली, भांडूही लागली. माळ्यावरच्या ढोलकीकडे बोट दाखवलं की मात्र मान फिरवायची.

यंदा उन्हाळ्यात मिस्त्री गेला. छातीत कळ आली आणि संपलंच.

परवा दुकानावरून जाताना आईने माझ्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. उतरली, पदर खोचला आणि बंद शटरवर दोन्ही हातांनी ठेका धरला. पत्रा दणाणला. रसवंतीवाला बाहेर आला. या खेपेला त्याने आपला चरक थांबवला. ठेका कुठंही पळाला नाही, कुठंही मागं पडला नाही.

“बघू म्हनले हुते,” आई शटरला म्हणाली. आणि पत्र्याची थरथर थांबेपर्यंत तिने तळवा तिथंच ठेवला.