गाडी पुढे जायच्या आत

ये गं बाई, जवळ बस. लिहायला बसले तरी मला तू दारातच उभी दिसतेस, एक पाय चपलेत घालून. दर वेळी तेच, “आत्या, निघते, बस चुकेल.” तुझा बाप तुझ्याहून घाईचा, पण मला शब्द विचारल्याशिवाय कधी हलला नाही.

माझं माहेर तापीपलीकडे, सासर अलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीला न्यायला भाऊ बैलगाडी घेऊन येतो, ही आपली रीत. माझा भाऊ, म्हणजे तुझा बाप, तेव्हा नंदुरबारला इंग्रजी शिकत होता. मला कुठली इंग्रजी शाळा! मला इंग्रजी आलं ते त्या गाडीत. नियम एकच. वाटेत जे दिसेल त्याचं इंग्रजी नाव गाडी पुढे जायच्या आत म्हणायचं. झाड, ट्री. विहीर, वेल. मागे पडलं की हुकलं. बैल तेवढे माझे पक्के, कारण ते कधी मागे पडायचेच नाहीत!

उन्हाळ्यात तापीला पाणी गुडघाभर. वाळूत टरबुजांच्या वाड्या. टरबूज मला कधीच आठवायचं नाही. आणि तुझा बाप नेमका तिथेच बैल दामटायचा.

एकदा नदीत गाडी असताना म्हणाला, “नवऱ्याले काय म्हणतस?”

मी पदर तोंडावर घेतला.

“बोल वं बाई!”

“नवरानं नाव कोनी लेस का?”

“नाव कोठे इचारी ऱ्हायनू? शबद शे तो!”

“सायबाना भाषामा लिधं तरी नावच ना?”

हसता हसता त्याच्या हातून कासरा सुटला. बैल खुशाल पाणी पीत उभे राहिले. तो शब्द काही मी म्हटला नाही.

वर्षभर सासरी दळता दळता घोकायचे. सासू म्हणायची, “काय पुटपुटी ऱ्हायनी वं? मन्हा पोऱ्यावर मंतर टाकस का?”

शेवटच्या खेपेला त्याने एक म्हण दिली. आऊट ऑफ साइट, आऊट ऑफ माइंड. म्हणजे नजरेआड गेलं की मनातून गेलं. मी विचारलं, “खरं शे का हे, भाऊ?”

“गोरासनं खरं व्हई,” तो म्हणाला. “आपलं नई.”

पुढच्या आखाजीला गाडी आली, पण कासरा गड्याच्या हातात. भावाला रेल्वेत नोकरी लागलेली, लांब, रजा नव्हती. मी बसले. ट्री, वेल, रिव्हर, एकटीच म्हणत राहिले. बरोबर म्हणणारं कोणी नाही, चूक म्हणणारंही नाही. वाड्या आल्या आणि नेमकं तेव्हा आठवलं. “वॉटरमेलन!” मी ओरडलेच.

गडी दचकला. “काय झालं ताई, उतरनं शे का?”

“नाही रे. हाक.”

नंतर भाऊ यायचा, पण आगगाडीने, पाहुण्यासारखा. त्या गाडीत आम्ही दोघं पुन्हा बसलो नाही. आता तर तोच नाही. आणि गोऱ्यांची ती म्हण मला अजून पटलेली नाही.

आता तापीवर पूल झालाय. बस भुर्रकन पलीकडे. एक शब्द धड म्हणून होत नाही. तुझं इंग्रजी बापापेक्षा चांगलं, पण आत्याला विचारायला तुला सवड कुठे?

या आखाजीला ये. पुलाच्या अलीकडेच उतर, मी तिथवर येते. आपण सावकाश चालत जाऊ, तू विचारत राहा. तो राहिलेला शब्दसुद्धा आता म्हणून दाखवीन. ये गं, लवकर ये.