पप्पाने मम्मीला पाडले

माझ्या मुलीच्या फोनमध्ये माझ्या नावाचा एक राक्षस आहे आणि तो काहीही करत नाही.

म्हणजे दिसायला तो झकास आहे. दगडी रेडा. छाती एवढी रुंद की आमच्या येळ्ळूरच्या घराच्या दारातून आडवासुद्धा आत येणार नाही. शिंगं, खूर, शेपूट सगळं जिथल्या तिथं. पण लढाईत उतरला की हा गडी जांभई देतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं फोन बिघडलाय.

माझी मुलगी तेजस्विनी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. घरात आम्ही तिला तेजू म्हणतो. ती राक्षसांच्या लढाईचा एक गेम खेळते. चार राक्षसांचा संघ बांधायचा, दोन-दोन मैदानात उतरवायचे आणि समोरच्याचे चारही पाडायचे. प्रत्येक राक्षसाला शेकडो डाव येतात, पण लढाईला नेताना त्यातले चारच निवडायचे. कुठले चार, यावर ही पोर तीन-तीन दिवस वह्या भरते. (फिजिक्सची वही अजून कोरी आहे, हे तिच्या आईचं म्हणणं.)

राक्षसांना नावं आपण ठेवायची असतात. तेजूनं घरातलीच ठेवली. विजेची घार म्हणजे आक्का. ही माझी थोरली बहीण, शेजारच्या घरात राहते आणि गल्लीत काय घडलं हे घडायच्या आधी तिला कळतं, म्हणून सगळ्यात वेगवान. औषधी वेल म्हणजे मम्मी, जखमा बऱ्या करते आणि विषही घालते. आगीची वाघीण म्हणजे तेजू स्वतः. आणि दगडी रेडा म्हणजे मी.

"मी विष घालते?" माझ्या बायकोनं, सुनीतानं, पोळी लाटता लाटता विचारलं.

"समोरच्याला गं मम्मी. घरातल्यांना न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

आक्का तर दुसऱ्याच दिवशी अख्ख्या गल्लीला सांगून आली की आपल्या घरात सगळ्यात चपळ कोण, हे आता मोबाईलमधीसुद्धा आलंय. राहता राहिलो मी. मी तेजूला माझे चार डाव वाचून दाखवायला सांगितले. गेम इंग्रजीत, पण तिनं मला कळावं म्हणून मराठी करून सांगितलं. आड येणे. जांभई. डोळे वटारणे. विश्रांती.

"आणि मारायचं कधी?"

"तुम्ही मारत न्हाय पप्पा."

सुनीता पोळपाटावर वाकून हसत होती. माझ्या रोजच्या दिनक्रमाचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण माणसाला कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

मी हायस्कूलमध्ये खेळाचा मास्तर आहे. चोवीस वर्षं पोरांचे कबड्डीचे संघ बांधतोय. संघ म्हणजे काय हे कुणी मला शिकवावं, ही कल्पनाच मला सोसवेना. मग मी तेजूकडून तो गेम शिकायला लागलो. रोज शाळेतून आलो की अर्धा तास. कुठला राक्षस कशाला भितो, डाव कुठं बदलतात, संघ कसा नोंदवतात, सगळं शिकलो. तेजू खूश झाली. बापाला आपल्यात रस वाटतोय, असं बिचारीला वाटलं. आठवड्याभरात मी तिच्या मागं उभा राहून सूचना करायला लागलो. पंधरवड्यात शिट्टी वाजवायला लागलो. सुनीतानं शिट्टी काढून घेतली आणि ती कुठं ठेवली हे अजून सांगितलेलं नाही.

माझी सूचना एकच असायची. "त्या रेड्याला मारायला लाव."

तेजू शांतपणे समजावायची. "पप्पा, माझी वाघीण दोन फेऱ्या नुसती दम धरत्या. तिसऱ्या फेरीला ती एका फटक्यात कुणालाबी पाडत्या. पण त्या दोन फेऱ्या तिला कुणीतर सांभाळायला पायजे. ते काम तुमचं. तुम्ही आड आलासा तरच माझा डाव लागतोय."

हे ऐकून कुठल्याही बापाचा ऊर भरून यायला हवा होता. मला ऐकू आलं ते एवढंच, की आपण जांभया द्यायच्या आणि नाव पोरीचं व्हायचं.

अशात बेळगावात एका कॉलेजच्या सभागृहात स्पर्धा ठरली. सुनीतानं अट घातली. पीयूसीचं वर्ष आहे, वर्षात एकच स्पर्धा, तीही निकाल काही लागो. त्यानंतर परीक्षा होईपर्यंत फोन कपाटात. तेजूनं मान्य केलं. म्हणजे वर्षभराची हौस एका दिवसावर आली होती. पोरगी चार दिवस जेवताना बोटं मोजत होती, आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या राक्षसांची गणितं होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत संघ नोंदवायचा होता. एकदा नोंदवला की कुलूप, मग दिवसभर काही बदलता येत नाही. साडेआठला तेजू न्हाणीघरातून ओरडली, "पप्पा, संघ तयार आहे. नुसतं नोंदणीचं बटण दाबा."

नुसतं बटण दाबायचं होतं. मी फोन हातात घेतला. पडद्यावर माझा रेडा उभा होता, रुंद छातीचा, आणि खाली लिहिलं होतं जांभई.

मी त्याचे चारही डाव बदलले. धडक, लाथ, दगडफेक आणि भूकंप. भूकंप तर यादीतला सगळ्यात जोरदार होता. मग बटण दाबलं. पोरीला ऐन लढाईत सुखद धक्का द्यायचा, हा माझा विचार. यातला धक्का हा भाग पुढं अगदी ठरल्याप्रमाणे पार पडला.

सुनीता घरीच थांबली. तेजू, आक्का आणि मी असे तिघं गेलो. सभागृहात दीड-दोनशे पोरं-पोरी होती. समोर मोठा पडदा, त्यावर लढाई दिसायची आणि कॉलेजातली एक मुलगी माईकवरून आधी मराठीत, मग कन्नडमध्ये सांगत होती काय चाललंय ते. प्रत्येकाच्या तीन लढती. त्यातल्या दोन जिंकल्या तर पुढं. मी आणि आक्का तिसऱ्या रांगेत बसलो. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, कारण आज ती पडद्यावर येणार होती.

तेजूनं पहिल्या लढतीत रेडा आणि वाघीण उतरवले. फोनवर बोट टेकवलं आणि ती थांबली. मग मान वळवून तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं. मी हात हलवला.

वाघिणीला सांभाळायला कुणीच नव्हतं. दोन फेऱ्यांत ती पडली. तिच्या जागी वेल आली, म्हणजे मम्मी. आता रेडा आणि वेल शेजारीशेजारी. तेजूनं दगडफेक करून पाहिली, नेम चुकला. शेवटी तिनं भूकंप निवडला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

भूकंप शेजाऱ्यालाही लागतो, हे मला त्या क्षणी कळलं.

पडदा हादरला. समोरचे दोन्ही राक्षस बचाव धरून होते, ते जागच्या जागी उभे राहिले. वेल मात्र कोसळली. आणि माईकवरची मुलगी अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "पप्पाने मम्मीला पाडले आहे."

सभागृह हसलं. मग तिनं तेच कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे हसायचं कुणाचं राहू नये. उरलेले हसले. आक्का उठून उभी राहिली.

"कोण म्हणालं गं त्ये? आमच्या घरात असलं चालत न्हाय."

"आक्का, खाली बस. गेममधलं आहे."

"गेममधलं असू दे. सुनीताला कळलं तर?"

लढत संपली. तेजू मंचावरून खाली आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"पप्पा, तुम्ही काय केलासा?"

मी सांगितलं. चारही डावांची नावं सांगितली. भूकंपाचं सांगताना आवाज आपोआप खाली गेला.

"का पण?"

"मला वाटलं, एकदा तरी मारावं," मी म्हणालो.

तेवढ्यात आक्कानं तोंड उघडलं. "तेजू, तुला ठाव न्हाय. ह्यो कॉलेजात असताना कबड्डीत डावा कोपरा धरायचा. चार वर्सं. एकदाबी ह्येला चढाईला पाठवलं न्हाय. एकदा आपल्याच मनानं गेलता, तर परत येताना समोरच्यांनी धरून पाडला. संघ हरला. घरात दोन दिवस जेवला न्हाय."

मला वाटत होतं की ही गोष्ट सगळे विसरलेत. आक्का काही विसरत नाही, मोबाईलमधली घारसुद्धा तिच्यापुढं संथ आहे.

तेजू माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, तुमच्या शाळेतल्या संघात सातच्या सात पोरं चढाई करतात काय?"

"न्हाय."

"कोपरा पक्का नसला तर काय करतासा?"

"सामना घालवतो," मी म्हणालो. चोवीस वर्षं पोरांना हेच शिकवतोय.

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि वही उघडली. मी पाणी आणून दिलं. तिनं घेतलं. वर्षातली एकुलती एक स्पर्धा, संघाला कुलूप लागलेलं आणि बाप शेजारी बाटलीचं झाकण हातात धरून उभा. पळून जावंसं वाटत होतं, पण गाडीची किल्ली आक्काच्या पिशवीत होती.

दहा मिनिटांनी तेजूनं मान वर केली. "आक्का उडत्या."

"व्हय की," आक्का म्हणाली, जणू हे तिला लहानपणापासून येतं.

"उडणाऱ्याला भूकंप लागत न्हाय. पप्पासोबत आक्कालाच ठेवायचं. वाघीण शेवटाला."

दुसऱ्या लढतीत रेडा आणि घार एकत्र उतरले. समोरच्या मुलानं पहिली लढत पाहिली नव्हती. त्याला दगडी रेडा म्हणजे जांभया देणारा हेच माहीत होतं. (या गेममध्ये सगळ्यांचे रेडे जांभयाच देतात, हे मला नंतर समजलं. म्हणजे अपमान वैयक्तिक नव्हता.) तो निवांत दम धरत बसला आणि माझ्या रेड्यानं भूकंप केला. दोन गेले. पुढच्या दोन फेऱ्यांत आक्कानं उरलेले दोन उडवले. आक्का खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलवत होती. तेजू जिंकली. त्या पाच मिनिटांत मला जे वाटलं ते सांगायला मला लाज वाटते, पण मी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालो, "त्यो रेडा म्हणजे मी."

"हौद्री?" तो म्हणाला, म्हणजे हो का, आणि थोडा सरकून बसला.

तिसरी लढत धारवाडच्या एका मुलीशी होती. चष्मा, लांब वेणी, तेजूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं दुसरी लढत नीट पाहिली होती. तिनं पहिल्यालाच दोन उडणारे राक्षस उतरवले. रेड्यानं भूकंप केला, जमीन हादरली आणि ते दोघे वरून बघत राहिले. तरी तेजूनं शेवटपर्यंत सोडलं नाही. वाघीण एकटी उरली, एक फेरी दम धरला, दुसरी फेरी धरला. आणखी एक फेरी मिळाली असती तर निकाल फिरला असता. ती एक फेरी मिळवून देणं हेच माझं काम होतं.

हरल्यावर त्या मुलीनं तेजूचा हात हातात घेतला. "चलो आडिदी," ती म्हणाली, छान खेळलीस. मग तिनं कन्नडमध्ये विचारलं, रेड्याला असले डाव द्यायची कल्पना कुणाची? तेजूनं माझ्याकडं बोट दाखवलं. मुलीनं मला आदरानं नमस्कार केला आणि म्हणाली, मी सगळ्या तऱ्हेच्या संघांची तयारी करून आले होते, पण असं कुणी करेल असं वाटलंच नव्हतं. आक्काला ते कौतुक वाटलं. मला कन्नड चांगलं येतं.

येताना खडेबाजारात आक्काला बांगड्या बघायच्या होत्या. ती दुकानात गेल्यावर तेजू आणि मी गाडीपाशी उभे राहिलो.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "पण दुसऱ्या लढतीत लई भारी मारलासा."

घरी आल्यावर आक्कानं उंबऱ्यातच सुनीताला सगळं सांगितलं, पाडण्यासकट. सुनीतानं ऐकून घेतलं. मला वाटलं आता फोन कपाटात जाणार. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "तेजू, ही स्पर्धा काय धरायची न्हाय. ही तुझी कुठली, ही तर ह्येंची झाली. परीक्षा झाली की एक खेळ." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तुम्ही मला पाडलासा व्हय?" त्या दिवशी चहा मी केला.

परीक्षा झाली. तेजूला फिजिक्समध्ये बरे गुण मिळाले, वही कोरी असूनही. निपाणीत स्पर्धा ठरली. रेड्याला त्याची जांभई आणि बाकीचे डाव परत मिळाले, माझ्या लेखी संमतीनं. तेजू अजून अठराची नाही, म्हणून अर्जावर पालकाची सही हवी होती. अर्ज फोनवरच भरायचा आणि सहीही पडद्यावर बोटानं करायची. तेजूनं फोन माझ्यासमोर धरला, पण हातातून सोडला नाही. मी फार काळजीपूर्वक, सावकाश, सुवाच्य सही केली. सही जरा लांब झाली. शेवटची रेघ खालच्या बटणावर गेली आणि अर्ज रद्द झाला.

तिनं तो पुन्हा भरला. पालक म्हणून आक्काची सही आहे.